गिअर नेमका केव्हा बदलावा?

प्रयोगशाळेत जडत्व-आघूर्णाचा प्रयोग चालू असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, या गाडीचे एंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर सर्वांत जास्त टॉर्क देते, असे मी वाचले. मग शर्यतीत चालक ७,००० फेरे होईपर्यंत का थांबतात? ५,५०० लाच वरचा गिअर टाकला तर गाडी जास्त जोरात पळणार नाही का?" प्रश्न चांगला होता. मी लगेच उत्तर दिले नाही. घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित त्यात नाही, तेव्हा तुम्हीही शेजारी कागद घ्या.

ती गाडी म्हणजे जपानच्या माझ्दा कंपनीची एमएक्स-५. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. दोनच आसने, उघडता येणारे छत आणि एंजिनची गती मागच्या चाकांना. पहिल्या नमुन्याचे १.६ लिटरचे एंजिन काही राक्षसी नव्हते. ५,५०० फेऱ्यांवर सुमारे १३६ न्यूटन-मीटर टॉर्क आणि ६,५०० फेऱ्यांवर सुमारे ८६ किलोवॅट शक्ती, एवढेच. म्हणूनच ती आपल्या हिशोबाला सोयीची. ज्या गाडीत शक्ती उतू जाते तिच्यात गिअर चुकला तरी खपून जाते. हिच्यात तो लगेच जाणवतो.

टॉर्क म्हणजे फिरवणाऱ्या बलाचा पीळ. बल गुणिले आसापासूनचे अंतर. घट्ट बसलेला नट लांब दांड्याच्या पान्याने सहज सुटतो, तो या पिळामुळेच. दंतचक्रांची जोडी हीसुद्धा एक तरफच आहे, फक्त अखंड फिरत राहणारी. लहान चक्राने मोठे फिरवले की पीळ वाढतो आणि फेरे त्याच प्रमाणात कमी होतात. म्हणजे गिअर शक्ती निर्माण करत नाही. थोडी घर्षणात गमावतो, इतकेच.

पेट्रोल एंजिनला गिअर लागतात, कारण ते स्थिर असताना पीळ देऊच शकत नाही आणि फार हळू फिरवले तर बंद पडते. विजेच्या मोटरचे तसे नाही. ती शून्य फेऱ्यांपासून भरपूर पीळ देते, म्हणून विजेवरच्या बहुतेक मोटारींना एकच दंतजोडी पुरते.

आता आकडे. आपल्या गाडीच्या पाच गिअरांची गुणोत्तरे अनुक्रमे ३.१३६, १.८८८, १.३३०, १.००० आणि ०.८१४ आहेत. त्यापुढे मागच्या आसापाशी ४.३ ची आणखी एक जोडी असते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये चाक एकदा फिरायला एंजिनला ३.१३६ × ४.३, म्हणजे सुमारे साडेतेरा फेरे घ्यावे लागतात. चाकाचा परीघ १.८ मीटर धरा. एंजिनच्या दर १,००० फेऱ्यांमागे गाडीचा वेग पहिल्यात ताशी ८ किलोमीटर, दुसऱ्यात १३.३, तिसऱ्यात १८.९, चौथ्यात २५ आणि पाचव्यात ३१ येतो. मीटरवरची लाल रेघ ७,००० वर आहे, तेव्हा दुसऱ्या गिअरची मर्यादा झाली ताशी ९३ किलोमीटर. हा ९३ चा आकडा लक्षात ठेवा, तो शेवटी लागणार आहे.

विद्यार्थ्याचा सल्ला आता तपासू. दुसऱ्या गिअरमध्ये ५,५०० फेऱ्यांवर चाकांना मिळणारा पीळ १३६ × १.८८८ × ४.३, म्हणजे सुमारे १,१०० न्यूटन-मीटर. (घर्षणाची घट आपण सोडून देऊ.) इथेच तिसरा टाकला तर एंजिनचे फेरे १.३३० भागिले १.८८८ या प्रमाणात घसरून सुमारे ३,९०० वर येतात. तिथे एंजिनचा पीळ १३६ पेक्षा कमीच असणार, पण उदार होऊन १३६ च धरू. चाकांना मिळाले १३६ × १.३३० × ४.३, म्हणजे ७७८. क्षणात तीस टक्के तोटा!

आणि दुसऱ्यातच ६,५०० पर्यंत थांबलो तर? शक्तीला कोनीय वेगाने भागले की पीळ मिळतो. ८६,००० भागिले ६८१, म्हणजे सुमारे १२६. चाकांना मिळाले सुमारे १,०२३. एंजिनचा पीळ उतरणीला लागला हे खरे, पण चाकांना अजूनही तिसऱ्या गिअरपेक्षा कितीतरी जास्त मिळते आहे. म्हणजे विद्यार्थ्याचे अर्धे बरोबर होते. त्या गिअरमधले सर्वांत जास्त त्वरण ५,५०० च्या आसपासच असते. पण प्रश्न 'आत्ता किती?' असा नसून 'आत्ता किती आणि बदलल्यावर किती?' असा आहे. हे दोन आकडे समान होतात तिथे गिअर बदलावा. लाल रेघेपर्यंत ते समान झालेच नाहीत तर रेघेपाशी बदलावा.

अर्थात हे शर्यतीच्या मैदानाचे गणित. रस्त्यावर सावकाश जाताना एवढी शक्ती लागतच नाही. कमी फेऱ्यांवर एंजिनातले घर्षण कमी असते आणि पेट्रोल वाचते, म्हणून तिथे लवकर वरचा गिअर टाकणेच शहाणपणाचे.

खालचा गिअर टाकताना मात्र वेगळीच गंमत होते. ताशी ९० ला चौथ्यात एंजिनचे फेरे सुमारे ३,६०० असतात, तिसऱ्यात तेच ४,८०० हवेत. पेटीतल्या चक्रांचे वेग जुळवायला सिंक्रोमेशचे घर्षण-शंकू असतात, पण एंजिन आणि त्याचे जड चाक यांना ते जुळवत नाहीत. ते काम क्लचवर पडते. क्लच झटकन सोडला तर एंजिनला वर खेचण्याची ऊर्जा गाडीच्या गतीतून, मागच्या चाकांमार्फत घेतली जाते. त्या चाकांना अचानक ब्रेक लागल्यासारखे होते, आणि ओल्या वळणावर ती घसरू शकतात. म्हणून कसलेला चालक क्लच दाबलेला असतानाच अॅक्सिलरेटरला एक हलका दणका देऊन फेरे आधीच चढवतो. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने हे करण्याची युक्ती पाहण्यासारखी असते. (हात सतत गिअरच्या दांड्यावर टेकवून ठेवण्याची सवय मात्र वाईट. आतला काटा फिरत्या कड्यावर विनाकारण दाबला जाऊन झिजतो.)

आता तो ९३ चा आकडा. समजा, गाडी पाचव्या गिअरमध्ये ताशी १३० ने धावते आहे. चालकाला चौथा हवा आहे. चौथा मधल्या रांगेत खाली, दुसरा डाव्या रांगेत खाली. घाईत दांडा जरा जास्त डावीकडे गेला आणि दुसरा पडला. क्लच सोडताच चाके एंजिनला फिरवू लागतात, मिनिटाला सुमारे ९,८०० फेऱ्यांनी. फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा इथे निरुपयोगी, कारण ती फक्त इंधन तोडते आणि एंजिन आता इंधनावर फिरतच नाही.

या एंजिनात दट्ट्याची धाव ८३.६ मिलिमीटर आहे, म्हणजे भुजाग्राची त्रिज्या ४१.८. दट्ट्याची गती सरल आवर्त गती मानून त्वरणाचे सूत्र वापरा. ७,००० फेऱ्यांवर धावेच्या टोकाशी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २,३०० पट येते. ९,८०० वर ते सुमारे ४,५०० पट होते. फेरे दीडपटही झाले नाहीत, पण त्वरण वर्गाच्या प्रमाणात वाढून जवळजवळ दुप्पट झाले, आणि दट्ट्याच्या दांड्यावरचा व त्याच्या बोल्टांवरचा ताणही तितकाच. झडपांच्या स्प्रिंगांनाही एवढ्या वेगाने झडपा मिटवणे जमत नाही. काही एंजिनांत त्या दट्ट्यावर आपटून वाकतात. हे सारे घडायला सेकंदाचा काही अंशच लागतो, आणि तेवढ्यात एंजिन निकामी होऊ शकते.

दुसरे दिवशी मी हा कागद त्या विद्यार्थ्याला दाखवला. त्याने तो नीट वाचला आणि विचारले, "सर, मग ताशी १३० ला तिसरा पडला असता तर?" १३० भागिले १८.९. करून पाहा.