आगरकर रस्त्यावरचे आघारकर

कसबा पेठेतून निघून, नदी ओलांडून लॉ कॉलेजच्या बाजूला गेले की गोपाळ गणेश आगरकर रस्ता लागतो आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. ‘ग’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक घाईत निसटतो आणि ‘सुधारक’कार आगरकरांच्याच नावाची ही संस्था असावी, असा समज सहज होऊ शकतो. संस्थेला नाव आहे ते वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे. आज शास्त्रज्ञाचे वजन त्याचे निबंध किती आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले, यावर ठरते. या तराजूत आघारकर हलके भरतील. पण त्यात तराजूच अपुरा असल्याचे दिसते, असे मला वाटते.

आघारकरांचा जन्म १८८४ सालचा, मालवणातला. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाचे नाव प्रथम झाले ते एका प्राण्यामुळे. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिशची एक जात सापडली आणि तिच्या जवळच्या जाती तोवर आफ्रिकेतून माहीत होत्या. एकाच कुळातले जीव समुद्राच्या दोन तीरांवर कसे? सजीव कुठे आढळतात आणि तिथे कसे पोहोचले, हा प्रश्न पुढेही त्यांच्या अभ्यासात कायम राहिला. कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाल्यावर ते जर्मनीला गेले, तोच पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही बर्लिनमध्ये अडॉल्फ एंग्लर यांच्या हाताखाली त्यांनी पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशातील वनस्पतींचा प्रसार. परतल्यावर कोलकात्यात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. निवृत्तीनंतर, साठी उलटल्यावर, ते पुण्यात आले आणि १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. १९६० साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे काय उभे राहिले ते पाहावे. वर्धिनीच्या संशोधन संस्थेत, म्हणजे आजच्या आघारकर संस्थेत, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह वाढला. या संग्रहालयाचे संक्षिप्त नाव ‘एएचएमए’ जगभरचे वर्गीकरणतज्ज्ञ आजही वापरतात आणि त्यातला पहिला ‘ए’ आघारकरांचा आहे. याच संस्थेतल्या वा. द. वर्तकांनी १९६६ साली गोमंतकातील वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली. पुढे माधव गाडगीळांबरोबर त्यांनी देवरायांचा अभ्यास केला. गावकऱ्यांनी देवाच्या धाकाने राखलेल्या रानाच्या तुकड्यांना १९७५-७६च्या त्यांच्या निबंधांमुळे जागतिक विज्ञानात जागा मिळाली. दुसरीकडे संस्थेने सोयाबीन आणि गहू यांचे सुधारित वाण दिले. ‘एमएसीएस ६४७८’ या गव्हाच्या वाणाने साताऱ्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढवले.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे. गव्हाचे वाण आघारकरांनी काढले नाहीत आणि देवरायांचे काम वर्तक-गाडगीळांचे. मग ते एका माणसाच्या खात्यात का जमा करायचे? तसे करूच नये. श्रेय आणि प्रभाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गुंता सुटतो. पुण्याची वस्ती कसब्याभोवती वाढत गेली. म्हणून नव्या पेठांचे वाडे कसबेकरांनी बांधले, असे कोणी म्हणत नाही, पण कसबा वगळून पुण्याचा नकाशाही समजत नाही. दुसरा आक्षेप असा की, संस्था पुढे चालली ती केंद्र सरकारच्या पैशावर. खरे आहे, पण अनुदान मिळायला आधी काहीतरी उभे असावे लागते आणि १९४६ साली स्वतंत्र भारताचे सरकार यायचेच होते. तिसरा आक्षेप जास्त बोचरा: संस्था उभारण्यात संशोधक हरवतो. काही प्रमाणात तसे होत असेलही. मात्र कुठली वनस्पती कुठवर पसरली आहे, हा प्रश्न एका माणसाच्या आयुष्यात सुटणारा नाही. त्याला पिढ्यान्‌पिढ्या नमुने गोळा करणारे हात आणि ते जपणारी कपाटे लागतात. अशा प्रश्नासाठी संस्था काढणे हा संशोधनाचाच पुढचा टप्पा ठरतो.

वर्धिनीच्या या संशोधन संस्थेला आघारकरांचे नाव मिळाले ते १९९२ साली, त्यांच्या निधनानंतर ३२ वर्षांनी. तेव्हा यापुढे त्या रस्त्याने जाताना पुणेकरांनी ‘आघारकर’मधला ‘घ’ जरा ठासून म्हणावा.