'क्वाइक': शब्द आणि बिअरची निवड

पश्चिम नॉर्वेतील बोलींत घरगुती बिअरच्या यीस्टला 'क्वाइक' म्हणतात. 'पेटविणे, सजीव करणे' या अर्थाच्या प्राचीन नॉर्स क्रियापदाशी या शब्दाचे नाते आहे. आपल्या विरजणाप्रमाणेच मागल्या खेपेतील क्वाइक पुढल्या खेपेस लावीत. मधल्या काळात ते लाकडी कड्यांवर वाळवून जपत.

अशा यीस्टसाठी बिअरचा कोणता प्रकार निवडावा? सामान्य एल-यीस्टला सुमारे २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. क्वाइक ३० ते ४० अंशांतही अनिष्ट गंध न आणता आंबविण्याचे कार्य करते. व्हॉस परिसरातील क्वाइकमुळे संत्र्यासारखा गंध येतो. म्हणून फिकट, फलगंधी एल त्यास साजते. बव्हेरियन गव्हाच्या बिअरसाठी मात्र ते निरुपयोगी ठरते. कारण माल्टमधील फेरुलिक आम्लापासून लवंगेचा गंध निर्माण करण्याची क्षमता या यीस्टमध्ये उरलेली नाही.

'लागर' हे जर्मन नाव साठवणीच्या क्रियेवरून पडले. 'क्वाइक' हे नाव त्या क्रियेमागील चैतन्याचे आहे. तेव्हा प्रकाराचे नाव आधी ठरवून यीस्ट शोधण्यापेक्षा, हाती असलेल्या यीस्टचा स्वभाव जाणून प्रकार ठरविणे अधिक सयुक्तिक होय.