परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षण : प्रवेशाच्या अटी व त्यांमागील हेतू

रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक काळ उभी असते ती परिचारिका; परंतु या परिचारिकांना शिकविणाऱ्या अध्यापिका कोठून येतात, याचा विचार सहसा होत नाही. त्या येतात एम. एस्सी. (नर्सिंग) या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून. भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले आणि पदव्युत्तर शिक्षणाचा आरंभ १९५९ मध्ये दिल्ली येथे झाला. महाराष्ट्रात १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतून हा अभ्यासक्रम चालतो. वैद्यकीय-शल्य, सामुदायिक आरोग्य, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग आणि मनोविकार परिचर्या अशा त्याच्या शाखा आहेत.

भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेल्या किमान अटी थोड्याच आहेत. उमेदवार नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका असावी. तिने बी. एस्सी. (नर्सिंग) अथवा पोस्ट बेसिक बी. एस्सी. (नर्सिंग) ही पदवी एकूण किमान ५५ टक्के गुणांनी संपादन केलेली असावी. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे. तिची प्रकृती सुदृढ असावी आणि तिला किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव असावा. पुरुष उमेदवारांनाही हा अभ्यासक्रम खुला आहे.

यांतील अनुभवाची अट नीट समजून घेण्यासारखी आहे. बी. एस्सी. झालेल्या उमेदवाराने पदवीनंतर एक वर्ष काम केलेले असले पाहिजे. पोस्ट बेसिक पदवीधरास मात्र हा अनुभव त्या अभ्यासक्रमापूर्वीचा असला तरी चालतो. या भेदामागे साधा विचार आहे. पोस्ट बेसिक अभ्यासक्रमास येणारी परिचारिका जनरल नर्सिंगची पदविका घेऊन नोंदणीकृत झालेली असते व पुष्कळदा ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळ्या करून आलेली असते. तिला पुन्हा वर्षभर थांबविण्यात अर्थ नाही. ज्याने स्वतः वॉर्ड सांभाळला नाही त्याने इतरांना तो सांभाळण्यास शिकवू नये, एवढाच या अटीचा आशय. आणि तो योग्यच आहे.

ही वाट प्रत्यक्षात अकरावीच्या प्रवेशापाशी फुटते. बी. एस्सी. (नर्सिंग) साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. ज्या गावांत विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय नाही तेथील मुली कला शाखेकडे जातात आणि परिचर्येचे दार आपणास बंद झाले असे समजतात. ते बंद नसते. जनरल नर्सिंगच्या तीन वर्षांच्या पदविकेस कोणत्याही शाखेतून बारावी झालेली विद्यार्थिनी पात्र असते. इंग्रजी विषय व किमान ४० टक्के गुण मात्र हवेत. त्यानंतर पोस्ट बेसिक पदवीची दोन वर्षे व एम. एस्सी. ची दोन. अनुभवाचे एक वर्ष धरून ही आठ वर्षे होतात. बी. एस्सी. च्या मार्गाने चार, एक व दोन अशी सात. फरक अवघा एका वर्षाचा आहे, आणि पदविकेनंतर ती मुलगी कमावती झालेली असते, ही गोष्ट शेतमजुराच्या घरात लहान नव्हे. शाळेतील शिक्षकांनी हे गणित पालकांसमोर मांडणे इष्ट ठरेल.

अडचण अनेकदा गुणांची नसून कागदपत्रांची असते. परीक्षा उत्तीर्ण होताच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावयाची असते. ती पुढे ढकलली तर अनुभवाचे वर्षही पुढे ढकलले जाते, कारण नोंदणीविना हा व्यवसाय करता येत नाही. शेजारच्या राज्यात पदवी घेतलेल्या मुलींनी येथील परिषदेकडे नोंदणी करून घेण्यास लागणारा वेळ हिशेबात धरावा. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख स्पष्ट असावी. ‘सुमारे वर्षभर काम केले’ अशा मोघम दाखल्याचा उपयोग होत नाही. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांना जात वैधता प्रमाणपत्र लागते व ते मिळण्यास विलंब होतो. वडील-आजोबांच्या शाळेतील नोंदीचे उतारे मुख्याध्यापकांनी मागणीबरोबर दिले तर निम्मे काम तेथेच होते. प्रवेशाचे वेळापत्रक व जागांची माहिती दरवर्षी नव्याने प्रसिद्ध होते, म्हणून मागील वर्षीच्या पुस्तिकेवर विसंबून अर्ज भरू नये.