साठीआधी निवृत्ती? आधी विम्याचं बघा
नोकरी सुटली की कंपनीचा गट आरोग्यविमाही बहुधा संपतो. माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच. स्वतःची पॉलिसी पगार चालू असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तो काळ नोकरीतच सरलेला बरा. आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं, पण वयाच्या ७० व्या वर्षापासून. पेन्शनचं म्हणाल तर ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, मात्र दर वर्षामागे ४ टक्के कायमची कपात.

साठी गाठलेला भारतीय सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं जगतो. तरी हिशेब नव्वदीपर्यंतचा मांडा, जोडीदार वयाने लहान असेल तर नक्कीच. ६ टक्के महागाईत आजचा ४० हजारांचा महिना १२ वर्षांत ८० हजारांवर जातो.