हाकेला ओ (भाग ९) : १०४ म्हणजे रक्ताचा नंबर ना?

दिग्रसहून निघालेली १०८ ची रुग्णवाहिका पेशंटला नेमकी कुठे न्यायची, हे वाटेत कोण ठरवतं, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो, कारण दिग्रस तालुक्यातल्या एका ताईंचा निरोप आला आहे. तो वाचल्यावर दुसरं काही लिहावंसं वाटेना. त्या विचारतात, "भाऊ, १०४ तं रक्ताचा नंबर होता ना? मंग आमची आशाताई टेन्शनवाल्या माणसाले थोच नंबर काऊन देते?"

ताईंची आठवण पक्की आहे. जानेवारी २०१४ मध्ये राज्यभर 'जीवन अमृत' सेवा सुरू झाली. दवाखान्यात दाखल असलेल्या पेशंटला रक्त लागलं की १०४ फिरवायचा आणि रक्तपेढीतून शीतपेटीत घातलेली पिशवी दुचाकीवरून यायची. '१०४ म्हणजे रक्त' हे लोकांच्या डोक्यात तेव्हापासून बसलं. बाळंतपणात किंवा अपघातात ज्यांच्या घरात रक्तासाठी धावाधाव झाली आहे, ते असा नंबर विसरत नाहीत.

मात्र या सेवेला अंतराची मर्यादा होती, रक्तपेढीपासून सुमारे ४० किलोमीटर. दिग्रसहून जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ त्याच्या कितीतरी पुढे. नकाशावर सेवा राज्यभर होती, तरी आपल्यासारख्या तालुक्याच्या वाट्याला ती किती येणार हे रस्त्याची लांबी ठरवत होती. २०२२ मध्ये ही योजना बंद झाली. १०४ हा नंबर मात्र चालू राहिला, कारण त्याचं मूळ काम वेगळंच होतं. गावातल्या आशा आणि एएनएम यांना अडचणीच्या वेळी फोनवर डॉक्टरांचा सल्ला मिळावा, यासाठी पुण्यात हे आरोग्य सल्ला केंद्र उभं राहिलं. पुढे सामान्य माणसालाही तिथे बोलता येऊ लागलं. रक्ताची योजना त्या नंबरवर नंतर आली आणि आधी गेली.

योजना बंद होते तेव्हा तिचा शासन निर्णय निघतो. पण भिंतीवर रंगवलेला नंबर पुसायला कोणी जात नाही, आणि आता या नंबरवर काय मिळतं हे सांगायलाही कोणी येत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या हेल्पलाइनांचं हेच खरं दुखणं आहे. नंबर गावोगाव पोचवला जातो. फोन लावल्यावर पुढे काय होतं, ते कोणी सांगत नाही.

रक्ताचं आधी संपवतो. आज रक्त लागलं तर डॉक्टरांचा लेखी मागणी अर्ज आणि जुळणीसाठी पेशंटच्या रक्ताचा नमुना, या दोन गोष्टींशिवाय कुठलीही रक्तपेढी पिशवी देणार नाही. कुठल्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा साठा आहे, ते सरकारच्या 'ई-रक्तकोश'वर मोबाइलमध्ये पाहता येतं. मात्र निघण्याआधी त्या रक्तपेढीला फोन करून खात्री करा.

आता टेन्शनवाल्या माणसाकडे येऊ. २०१५ मध्ये आरोग्य खात्याने शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात यवतमाळ आहेच. त्याची पद्धत मला फार आवडते, कारण ती फोनपासून सुरू होत नाही. आशाताई घरोघर जाते. झोप लागते का, जेवण जातं का, कामात मन लागतं का, जीव नकोसा वाटतो का, असं विचारते. हे प्रश्न वहीतून वाचून दाखवले तर कोणी खरं उत्तर देत नाही. सरावलेली आशाताई ओट्यावर बसते, पऱ्हाटीला यंदा किती बोंडं धरली ते विचारते, बँकेचं काय झालं ते विचारते, आणि मग हळूच म्हणते, "रात्री झोप लागते का गा?" माणूस गप्प झाला की तिला कळतं. तो ग्रामीण रुग्णालयापर्यंत येईल असं पाहणं, गरज असेल तर त्याला जिल्ह्याच्या मानसोपचार पथकाकडे पोचवणं, ही पुढची पायरी. रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर हाताशी असावा म्हणून ती १०४ लिहून देते. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारचा 'टेली-मानस' हा खास मनाच्या त्रासासाठीचा नंबरही आहे : १४४१६. चोवीस तास, पैसे लागत नाहीत. मराठी, हिंदी, उर्दू तिथे मिळतात. पण आपल्या तालुक्यात बंजारा तांडे आहेत. तांड्यावरची आजी तिच्या गोरमाटी बोलीत मोकळी होते. मराठीत ती फक्त विचारल्याचं उत्तर देते. नातू दुभाष्या होऊन ताप-खोकला सांगेल. सून-मुलाच्या घरात आपल्याला जड झाल्यासारखं वाटतं, हे ती नातवाच्या तोंडून कसं सांगणार? म्हणून तांड्यावर गोरमाटी बोलणारी आशा असणं ही सोय नाही, गरज आहे, आणि नेमणुकीच्या वेळी गावाने ती मागून घ्यावी.

आणखी एक भीती मी वारंवार ऐकली आहे : "असं फोनवर बोललो तं पोलीस येतील, केस होईल." जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा धरला जाई, त्या जुन्या कायद्यातली ही भीती आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो. त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. नुसतं मन मोकळं केलं म्हणून गुन्हा होण्याचा तर प्रश्नच येत नाही. हे वाक्य आशाताईंनी प्रत्येक ओट्यावर म्हणावं असं मला मनापासून वाटतं. आज रात्रीच कोणाच्या मनात तसं येत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावून द्या आणि शेजारी बसा. जिवाला धोका दिसला तर १०८.

फोन लावताना एकच तयारी ठेवा, पत्त्याची. लांब बसलेल्या माणसाला "आरंभी गावाच्या पुढं, लिंबाच्या झाडापाशी" हे कळत नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव किंवा तांडा, आणि सोबत जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र सांगा. एकाच नावाचे तांडे शेजारच्या दारव्हा-पुसदकडेही निघू शकतात, म्हणून तालुक्याचं नाव गिळू नका.

जाता जाता, एका आजोबांनी १४५६७ बद्दल विचारलं होतं. तो ज्येष्ठ नागरिकांचा नंबर आहे, 'एल्डरलाइन'. पेन्शन अडली, घरात त्रास होतो, कोणी म्हातारा माणूस रस्त्यावर बेवारस दिसला, अशासाठी तो आहे. आठवड्याचे सातही दिवस, पण सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच, रात्री तिथे कोणी उचलणार नाही. पुढच्या आठवड्यात १०८ ची गाडी नक्की.