एका तिरप्या दांडीची करामत

दिवाळी जवळ आली की घरोघरी आकाशकंदिलासाठी कामट्या तासल्या जातात. त्यांतल्या चार घ्या आणि टोकांना दोरा बांधून चौकोन करा. एका कोपऱ्यावर बोटाने जरा दाबले की चौकोन मुकाट्याने कलंडतो. आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी कामटी बांधा. मग कितीही रेटा, तो जागचा हलत नाही! कारण त्याचे दोन त्रिकोण झाले, आणि बाजू मोडल्यावाचून त्रिकोणाचा आकार बदलत नाही.

लाकडी घराचे सारे रहस्य या पाचव्या कामटीत आहे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे जपानात होतो. तिथली बहुतेक स्वतंत्र घरे आजही लाकडाचीच. खांब, तुळया आणि त्यांच्या चौकटीत कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेली तिरपी दांडी. तिला ते लोक ‘सुजिकाई’ म्हणतात.

वारा घराला बाहेरून ढकलतो, भूकंप पायाखालची जमीन हिसकतो. चौकटीला दोन्ही सारखेच. तिला आडवा रेटा बसतो. फरक एवढाच, की वारा घराचा दर्शनी विस्तार पाहतो आणि भूकंप वजन पाहतो. म्हणून तिथला कायदा दोन्हींचे हिशेब मांडायला लावतो, आणि ज्यात भिंत जास्त लागेल तो धरायला सांगतो.

हा हिशेब १९५० च्या इमारत कायद्याने आला आणि १९८१ साली कडक झाला. गृहिणीच्या महिनाखर्चाइतका तो सोपा होता. कौलारू दुमजली घराच्या तळमजल्याला भूकंपासाठी दर चौरस मीटरमागे ३३ सेंटिमीटर भिंत हवी. म्हणजे ५० चौरस मीटरला साडेसोळा मीटर. तीही लांबीच्या दिशेला वेगळी, रुंदीच्या दिशेला वेगळी. साडेचार सेंटिमीटर जाड आणि नऊ सेंटिमीटर रुंद दांडी बसवलेली एक मीटर भिंत दोन मीटर धरायची; फुलीसारख्या दोन दांड्या असल्या तर चार! छप्पर हलके असेल तर ३३ ऐवजी २९ सेंटिमीटर पुरे. आता सौर तावदाने आणि जाड काचांनी घरे जड होऊ लागली, म्हणून एप्रिल २०२५ पासून घराच्या प्रत्यक्ष वजनावरून हिशेब करण्याची पद्धत आली आहे.

पण नुसत्या दांड्या मोजून भागत नाही, हे कोबे शहराने शिकवले. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी तिथे धरणी हादरली. सहा हजार चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली चिरडून. मातीच्या थरावर बसवलेली जड कौले वादळाला दाद देत नसत. भूकंपात तेच वजन मुळावर आले. कित्येक घरांत दांडी होती, पण तिचे टोक निसटले, किंवा खांबच बुडातून उपटला. म्हणून २००० साली दोन गोष्टी नियमात आल्या. दांडीची टोके आणि खांबाचे बूड योग्य त्या लोखंडी पट्ट्यांनी जखडायचे, आणि भिंती सगळीकडे सारख्या वाटायच्या.

या वाटणीवरून आमच्या गल्लीत घडलेला एक वाद मला आठवतो. नव्या घराच्या मालकीणबाईंना दक्षिणेची बाजू सबंध काचेची हवी होती. हिवाळ्यातले ऊन घरात यावे म्हणून. म्हातारा सुतार शांतपणे म्हणाला, “बाईसाहेब, सगळ्या भिंती उत्तरेला ठेवल्या तर घर नुसते हलणार नाही, पिळले जाईल.” अखेर दक्षिणेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन हात भिंत राहिली. ऊन काही कमी झाले नाही!

म्हाताऱ्याचे म्हणणे किती खरे होते! एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतो भागाला अठ्ठावीस तासांच्या आत दोन मोठे धक्के बसले. माशिकी गावाच्या मध्यभागातल्या लाकडी घरांची नंतर मोजदाद झाली. १९८१ पूर्वीची शंभरांतली अठ्ठावीस कोसळली होती, त्यानंतरची नऊच्या आसपास, आणि २००० नंतरची अवघी दोन.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झाले, ते कोण विसरेल? दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. आत लाकडी खांब-तुळया होत्या, पण तिरपा आधार नव्हता. पुढे घरे बळकट करताना तज्ज्ञांनी सांगितले ते हेच: माळवदावरची माती कमी करा आणि खांब-तुळईच्या सांध्यात तिरपे धिरे द्या.

नवा नियम जुन्या घरात आपोआप शिरत नाही. त्याला घरच्या माणसानेच आत आणावे लागते. तुमचा जुना वाडा असो वा कोकणातले वडिलोपार्जित लाकडी घर, दिवाणखाना ऐसपैस करण्यासाठी भिंत काढायचा बेत असेल, तर आधी जाणत्या अभियंत्याला बोलवा आणि तीन प्रश्न विचारा. तिरपे आधार किती आहेत? कुठे आहेत? आणि त्यांची टोके कशाने बांधली आहेत? उत्तरे मिळेपर्यंत पहार कोपऱ्यातच उभी राहू द्या.