मुलांची चाल, सांधे आणि स्नायु

कवाइतीच्या तासास वर्गांतील सर्व मुलें धांवत पुढें जातात. एक मुलगा मात्र मागें राहतो. खालीं बसला तर उठतांना हात टेकतो, जिना चढतांना कठड्याचा आधार घेतो. शिक्षक त्यास 'अंगचोर' म्हणतात, घरीं वडील रागें भरतात. परंतु हा दोष स्वभावाचा कीं शरीराचा, हें पारखून पाहिल्यावांचून दिलेला निवाडा अन्यायाचा ठरण्याचा संभव असतो. लहान मूल 'दुखतें' असें नेहमींच सांगत नाहीं. तें खेळणें सोडतें, लंगडतें, किंवा चालावयास शिकलेलें असूनही 'उचलून घे' म्हणून हट्ट धरतें. म्हणून मोठ्यांनीं पाहावयास शिकलें पाहिजे.

हें पाहणें सुलभ व्हावें या हेतूनें इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील डॉ. हेलन फॉस्टर व त्यांचे सहकारी यांनीं शाळकरी वयाच्या मुलांसाठीं एक पद्धति बसविली व ती २००६ सालीं प्रसिद्ध केली. तिला 'पी-गॅल्स' म्हणतात. प्रौढांकरितां १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तशाच एका परीक्षेवरून ती घेतलेली आहे. चाल, हात, पाय आणि कणा हीं तिचीं चार अंगें. आणि वेळ लागतो सुमारें दोन मिनिटें. आरंभीं तीन प्रश्न विचारावयाचे : सांधे, स्नायु किंवा पाठ दुखते वा आंखडते काय? कपडे घालण्यास अडचण पडते काय? जिना चढतां-उतरतां त्रास होतो काय?

मग डॉक्टर मुलास नेहमींसारखें, नंतर चवड्यांवर, नंतर टाचांवर चालावयास सांगतात. हात समोर ताठ धरणें, मूठ वळणें, अंगठ्यानें प्रत्येक बोटाचें टोक शिवणें, तळहातास तळहात व पाठीस पाठ लावणें, हात आकाशाकडे उंच नेणें, हात मानेमागें धरणें, छताकडे पाहणें, कान खांद्याकडे नेणें, तोंड उघडून आपलींच तीन बोटें उभीं आंत घालणें, अशा गोष्टी क्रमानें होतात. मुलास हा खेळच वाटतो. पण सुजलेला सांधा मूठ पुरती वळूं देत नाहीं, आणि जबड्याचा सांधा आंखडला असेल तर तीन बोटें मावत नाहींत. पुढें गुडघ्यांत पाणी सांचलें आहे काय व खुबा सर्व बाजूंस फिरतो काय हें तपासतात. शेवटीं मूल पुढें वांकून पायाचीं बोटें शिवूं लागलें, म्हणजे पाठीची एक बाजू दुसरीहून उंच दिसते काय तें पाहतात; कण्याची वक्रता त्यावरून उमगते.

आरंभीं सांगितलेल्या मुलाची खूण निराळी आहे. जमिनीवरून उठतांना तो प्रथम हात टेकतो, मग ते गुडघ्यांवर, मग मांड्यांवर ठेवीत जणूं आपल्याच देहावर चढत उभा राहतो. लंडनचे डॉ. विल्यम गॉवर्स यांनीं १८७९ सालीं या खुणेचें वर्णन केलें. कमरेचे व मांड्यांचे स्नायु दुबळे झाल्याचें तें लक्षण होय. ड्यूशेन नांवाच्या स्नायुरोगांत ती आढळते, आणि तो रोग बहुधा मुलग्यांसच होतो. त्यांत पोटऱ्या भरदार दिसतात, त्यामुळें पाहणारा फसतो. अशा मुलास शिक्षा करून सामर्थ्य येत नाहीं. त्यास डॉक्टरकडेच नेलें पाहिजे.

तथापि प्रत्येक वांकडेपणा हा रोग नव्हे. दोन वर्षांच्या आंतील मुलांचे पाय बहुधा धनुष्यासारखे बाहेर वांकलेले असतात. तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांस लागतात. आणि सातव्या वर्षाच्या सुमारास पाय बहुतेक सरळ होतात. सपाट तळवा चवड्यांवर उभें राहतांच कमानदार होत असेल व दुखत नसेल, तर काळजीचें कारण नाहीं. मात्र वांक एकाच पायास असेल, वाढत असेल, किंवा मुडदुसाची शंका असेल, तर तपासणी अवश्य करावी.

गुडघा दुखतो म्हणून गुडघाच चोळीत बसणें हीही एक सामान्य चूक आहे. मुलांत खुब्याच्या रोगाची वेदना पुष्कळदां गुडघ्यांत उमटते. सकाळीं सांधे आंखडणें, रात्रीं झोंप मोडणारें हाडांचें दुखणें, फिकटपणा, वजन घटणें, पूर्वीं येत असलेली हालचाल न येणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर उपेक्षा करूं नये. ताप असून मूल पाय टेकूं देत नसेल, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

महाराष्ट्रांत ही सोय दारापर्यंत आलेली आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा उद्देश. जन्मतः वळलेलीं पाउलें आणि खुब्याच्या सांध्यांतील जन्मजात दोष यांचा त्याच्या यादींत समावेश आहे. अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व शाळेंत एकदां पथकानें यावें, अशी त्याची योजना आहे. पण पथक वर्षांतून एकदां येतें. शिक्षक मुलास रोज पाहतात. रोगाचें नांव ठरविणें हें त्यांचें काम नव्हे. मागें राहणाऱ्या मुलाकडे रागानें न पाहतां लक्षपूर्वक पाहणें, एवढेंच त्यांचें काम. आणि पुष्कळदां उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.